टाळ्या कुणासाठी होत्या

ब्रेडा,
बुधवार, ५ एप्रिल २००६

चि. नरेंद्र यास,

आशीर्वाद. मी रागावलो आहे, पण रागाचा आणि आशीर्वादाचा संबंध नाही, म्हणून तो आधी लिहून मोकळा होतो.

रविवारपासून तू माझा फोन उचलत नाहीस. काल शर्मिलाने उचलला आणि म्हणाली, "दादा, ते मीटिंगमध्ये आहेत." मागून तुझा आवाज स्पष्ट येत होता. भार्गवीला दूध संपव म्हणून दटावत होतास. अशा मीटिंगा मलाही घरी असतात, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. फक्त एवढंच की फोन न उचलता येतो, पाकीट मात्र दाराच्या फटीतून आत पडतंच. म्हणून कागदावर लिहितोय.

दोन तारखेला आपल्या पश्चिमतीर मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात तू अध्यक्ष झालास, बिनविरोध. तुझं नाव सुचवलं कुणी? मी. सूचक म्हणून सही कुणाची? माझी. सख्ख्या भावाचं नाव सुचवू नये असं तुझी चित्रावहिनी म्हणत होती. मी तिला म्हटलं, "भाऊ म्हणून नाही सुचवत, लायक आहे म्हणून सुचवतोय." ते वाक्य मी अजून मागे घेतलेलं नाही. घ्यायला लावू नकोस.

आता पुढचं. निवड झाली, शाल-श्रीफळ दिलं, मग मुलांचं लेझीम झालं. लेझीम संपलं, सगळा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला. मुलं वाकून नमस्कार करताहेत, एक गट आत गेला तर दुसरा पुन्हा बाहेर येतोय, टाळ्या चालूच. आणि तेवढ्यात तुझ्या ऑफिसातला तो प्रतीक माइक घेऊन एका दमात पाच नावं, त्यात स्वतःचंही, वाचतो, "तर या नव्या कार्यकारिणीला सभेची मंजुरी आहे, धन्यवाद, जेवण तयार आहे!" म्हणतो आणि माइक बंद.

नरेंद्र, ती मंजुरी नव्हे. ते लेझीम होतं.

घटनेचं कलम नऊ काढून वाच. अध्यक्षाने पाच पदाधिकारी नेमावेत, आणि त्या नेमणुकांना सभेने मंजुरी द्यावी. ते कलम मी लिहिलं आहे. अख्खी घटना मीच लिहिली आहे, याच टेबलावर बसून, सहा वर्षांपूर्वी. सोसायट्यांच्या आणि वाचनालयांच्या नियमावल्या मागवल्या, वाचल्या, त्यातलं चांगलं तेवढं उचललं. बारावी पास माणसाने लिहिलेली आहे, आणि आजवर तुम्हा एकाही पदवीधराला तिच्यात भोक सापडलेलं नाही. आता सापडत नाही म्हणून तुम्ही तिला वळसा घातलात.

आणि ती पाच नावं! पाचही जण झुइडासच्या ऑफिसांच्या वस्तीतल्या त्या एकाच काचेच्या इमारतीतले, तुझ्याच कंपनीतले. ब्रेड्याचा कुणी नाही, रॉटरडॅमचा नाही, आइंडहोव्हनचा नाही. कार्यवाह म्हणून सारंग. हा माणूस या देशात आठ महिन्यांपूर्वी आला. मंडळाचा हा त्याचा पहिलाच कार्यक्रम, आणि आल्या आल्या त्याने मला विचारलं, "जेवण किती वाजता आहे?" माझं नावही विचारलं नाही.

वासंतीताई सहा वर्षं कार्यवाह होत्या. नावं वाचली गेली तेव्हा त्या मागच्या खोलीत श्रीखंड वाढायला घेत होत्या. आपलं पद गेल्याचं त्यांना ताट घेऊन रांगेत उभ्या असलेल्या एका बाईकडून कळलं. मला एवढंच म्हणाल्या, "पद नको हो रविकांत, पण आधी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं." आणि पुढच्या माणसाला श्रीखंड वाढलं.

माझी मागणी साधी आहे. नावं पुन्हा मांड, एकेक. हात वर करून मत घे. पाचही मंजूर झाले तर मी पहिला हार घेऊन येईन. नाही केलंस तर मी हे सगळ्यांसमोर बोलणार. आधी तुला सांगितलं नाही असं नंतर म्हणू नकोस.

तुझा दादा
(आणि तुझा सूचक, अजून तरी)


ब्रेडा,
ईस्टरचा रविवार, १६ एप्रिल २००६

चि. नरेंद्र यास,

आशीर्वाद.

माझ्या दोन पानांना तू दोन ओळींची ईमेल पाठवलीस. "दादा, प्लीज, हे पब्लिक करू नकोस. हवं तर सल्लागार म्हणून तुझं नाव यादीत टाकतो."

हवं तर! यादीत जागा मिळाली नाही म्हणून हा आरडाओरडा करतोय असं तुलाही वाटतं? सारंगला वाटलं तर समजू शकतो, त्याला माझं नावच माहीत नव्हतं. तू तर माझ्या हाताखाली वाढलास. सल्लागारपद परत पाठवत आहे. शिवाय घटनेत असं पदच नाही. मुद्दाम ठेवलं नव्हतं. सल्ला द्यायला ज्याला पद लागतं, त्याचा सल्ला घेऊ नये.

मी पब्लिक केलं, तुला कळलंच असेल. मंडळाच्या याहू ग्रुपवर मंगळवारी पत्र टाकलं. सभ्य भाषेत, कलमांसकट. त्यावर तुझ्या कार्यवाहाचं उत्तर आलं ते अख्ख्या ग्रुपने वाचलं. "आदरणीय ठोसरकाका, आमच्याकडे त्या दिवसाचं व्हिडिओ शूटिंग आहे. नावं वाचली जात असताना आपण स्वतः उभे राहून टाळ्या वाजवताना दिसता."

दिसणारच! उभा होतो, हात डोक्याच्या वर नेऊन वाजवत होतो. का ते तुला माहीत आहे. दुसऱ्या रांगेत तुझी मुलगी होती. सगळी मुलं उजवीकडे वळली, ती एकटी डावीकडे वळली, आणि चूक कळल्यावरसुद्धा थांबली नाही. पुढचे चारही ठेके तिने डावीकडे तोंड करून छान वाजवले. मी तिच्यासाठी टाळ्या वाजवत होतो. सारंगसाठी मी हात खिशातून काढला नसता.

हे मी ग्रुपवर लिहिलं. ते ग्रुपवर दिसलंच नाही. चौकशी केल्यावर समजलं की आता प्रत्येक पत्र आधी कार्यवाहाकडे जाईल आणि त्याला योग्य वाटलं तर पुढे जाईल. माझं पत्र तिथे बसलं आहे. योग्य वाटण्याची वाट बघत.

काल भार्गवीने फोन केला होता, तुझ्या नकळत केला असावा, कारण हळू बोलत होती. म्हणाली, "काका, पप्पा सेज यू क्लॅप्ड फॉर द लिस्ट. बट यू क्लॅप्ड फॉर मी, तोख?" हे 'तोख' म्हणजे आपलं 'हो ना', शाळेत शिकली असणार. मी म्हटलं, "फक्त तुझ्यासाठी, बाळा." ती म्हणाली, "ओके, आय विल टेल हिम." सांगितलं का तिने?

आता मंडळींचं. पत्र टाकल्यापासून रोज फोन येताहेत. सगळे माझ्या बाजूचे. आइंडहोव्हनहून श्रीकांत तर म्हणाला, "ठोसरसाहेब, मी शंभर टक्के तुमच्या बाजूने आहे. फक्त माझं नाव कुठे घेऊ नका."

मी म्हटलं, "मग शंभर टक्के बाजूने आहे तो कोण, एवढं तरी सांगा. मी त्याचं नाव घेतो."

हसला. फोन ठेवला.

चित्रा म्हणते, "तुम्हाला मंडळ हवंय की भाऊ?" मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, "दोन्ही मिळत नसतं हो." का मिळत नसतं? कुठल्या कलमात लिहिलंय?

विशेष सभा बोलवायला एक पंचमांश कुटुंबांच्या सह्या लागतात. फोनवर सह्या होत नाहीत. त्या मी समोरासमोर घेणार आहे. कुठे, ते तुला दिसेलच.

दादा


ब्रेडा,
रविवार, ३० एप्रिल २००६

चि. नरेंद्र यास,

आशीर्वाद.

यंदा तीस एप्रिल रविवारी आल्यामुळे राणीचा दिवस काल शनिवारी साजरा झाला. हे तुझ्या कार्यवाहाला माहीत नव्हतं. मंडळाच्या पत्रकात त्याने ३० लिहिलं होतं. वासंतीताईंनी सगळ्यांना फोन करून दुरुस्त केलं म्हणून तुमच्या वड्यांना गिऱ्हाईक आलं. हे जाता जाता.

मी तिथे का आलो यावर तू काल काहीच बोलला नाहीस, म्हणून लिहितो. त्या दिवशी या देशात कुणीही रस्त्यावर चादर अंथरून बसू शकतो, परवाना लागत नाही. खडूने चौकोन आखला की जागा आपली. गेली सात वर्षं मी बघत आलोय. पोरं जुनी खेळणी विकतात, आज्या बशा विकतात, एक म्हातारा दरवर्षी बासरी वाजवतो आणि कुणी पैसे दिले की थांबतो. मंडळाने तुमच्या भागात, बुइटनव्हेल्डर्टला, वड्यांचा स्टॉल लावला. मी सकाळी पहिल्या गाडीने येऊन शेजारी माझा चौकोन आखला. घडीचं टेबल, पेन, सह्यांचा कागद आणि पुठ्ठ्याची पाटी. 'नेमणुकांवर हात वर करून मत घ्या.' मराठीत, आणि खाली डचमध्ये. डच मी स्वतः शिकलोय, क्लास न लावता, तरी एका बाईने त्यातली एक चूक दाखवली. खडूने तिथेच दुरुस्त केली.

तू कढईपाशी होतास. एप्रन बांधून तुझे पाचही सरदार मागे उभे. सारंग म्हणाला, "काका, इथे तरी नको. लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "कुठले लोक? डच लोक म्हणतील की या लोकांत मतं घेतात. चांगलंच म्हणतील."

"काका, तुम्हाला प्रॉब्लेम नक्की काय आहे? आम्ही काम करायला तयार आहोत. दुसरं कुणी पुढे येत नाही."

"पुढे येत नाही की तुम्ही विचारत नाही?"

"अहो, पण पाच माणसं एका जागी असली की मीटिंगला सोपं पडतं. लंचमध्ये होऊन जातं."

"तेच म्हणतोय मी. मंडळ तुमच्या लंचमध्ये होऊन जाऊ नये."

तेवढ्यात एक डच गृहस्थ आले आणि माझ्याकडे दोन वडे मागितले. मी म्हटलं, वडे शेजारी, इथे फक्त लोकशाही. त्यांना ते फार आवडलं. तू हसलास, मी पाहिलं. लगेच कढईत बघितलंस.

सह्या झाल्या. वड्याला आलेला मराठी माणूस आधी तुझ्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग वडा तोंडात असताना पटकन सही करून जायचा. तोंड भरलेलं असलं की बोलायला लागत नाही. हवी होती त्याहून जास्त कुटुंबं झाली. श्रीकांतनेसुद्धा केली. नाव वाचता येणार नाही अशी केली, मी त्याला पुन्हा करायला लावली.

आता जे लिहितोय ते लिहू नका असं शर्मिलाने सांगितलंय. पण मी तुझ्याशी लपवून भांडणार नाही.

दुपारी ती मला कोपऱ्यावरच्या बाकाशी घेऊन गेली. म्हणाली, "दादा, तुम्हाला माहीत आहे का सारंग कोण आहे?"

"आठ महिन्यांपूर्वी आलेला एक मुलगा."

"तो यांच्या टीमचा हेड आहे. यांच्या काँट्रॅक्टचं एक्स्टेन्शन त्याच्या सहीवर आहे, जूनमध्ये. सही नाही झाली तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर परमिट नाही. मग आम्ही परत पुण्याला. भार्गवीची शाळा मध्येच सोडून. त्याने सहज म्हटलं होतं, मंडळात मला काहीतरी करायला आवडेल. सहजच म्हटलं. यांनी काय करायचं होतं?"

मी बाकावर टेकलो. ती म्हणाली, "तुमच्याकडे इथला पासपोर्ट आहे, दादा. तुम्हाला परवडतं."

घरी येईपर्यंत गाडीत मी तिला द्यायचं उत्तर शोधत होतो. आज सकाळी सापडलं. ते असं: मला परवडतं म्हणूनच मी बोललं पाहिजे. ज्यांना परवडत नाही ते सगळे वडा खात सही करून गेले.

सह्या उद्या पोस्टाने अध्यक्षांकडे, म्हणजे तुझ्याकडे, येतील. दोन आठवड्यांत सभा घेणं बंधनकारक आहे. कलम चौदा.

दादा


ब्रेडा,
मंगळवार, ९ मे २००६

चि. नरेंद्र यास,

आशीर्वाद. रविवारी, चौदा तारखेला सभा लावलीस, नोटीस मिळाली. तारीख, वेळ, विषय, सगळं बरोबर आहे. कार्यवाहाने नाही, तू स्वतः लिहिली आहेस, हे भाषेवरून कळतं.

शुक्रवारी तू स्वतः आलास तेव्हाचं नीट बोलणं झालं नाही. चहा तसाच टाकून गेलास. चित्रा अजून मला त्यावरून बोलते आहे. जे तू म्हणालास ते मी ऐकलं हे तुला कळावं, म्हणून लिहून ठेवतो.

तू आल्या आल्या म्हणालास, "शर्मिलाने सांगितलं ना तुला? मग अजून काय हवंय?"

मी म्हटलं, "हे तू मला आधी सांगायचं होतंस."

"सांगून काय केलं असतंस? नवीन कलम लिहिलं असतंस?"

हे चांगलं बोललास. लागलं. चांगलं बोललेलं लागतं.

मग म्हणालास, "दादा, तू आलास तेव्हा त्या कंपनीला कोबोल येणारी माणसं हवी होती, जगात मिळत नव्हती, म्हणून त्यांनी तुझी डिग्री विचारली नाही. तुला ताठ मानेने जगायला मिळालं ते तुझ्या एकट्याच्या हिमतीवर नाही. माझ्यासारखे इथे रांगेने उभे आहेत. मी गेलो तर सोमवारी दुसरा येईल."

यावर मी तुला "हिंमत प्रत्येकाला लागते" असलं काहीतरी म्हणालो. ते बरोबर उत्तर नव्हतं. तुझं म्हणणं खरं आहे. ती कॉम्प्युटरची भाषा मी मिरजेत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून, पोस्टाने मागवलेल्या पुस्तकांवरून शिकलो, ती माझी हिंमत. पण तिला त्या वर्षी भाव आला, ती वेळेची कृपा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मला त्यातली एकच सांगायची सवय लागली आहे.

पण नरेंद्र, यामुळे माझा मुद्दा लहान होत नाही, मोठा होतो. उद्या मंडळात कोण बसणार हे कोणाच्या सहीवर कोणाचं पोट आहे यावरून ठरणार असेल, तर परमिटवर असलेल्या प्रत्येक माणसाने मंडळातसुद्धा साहेबासमोर उभं राहायचं का? सुट्टीच्या दिवशी? श्रीखंड खाताना? आठवडाभर तिथे मान खाली घालतातच. निदान महिन्यातून एक दिवस सगळ्यांची खुर्ची सारख्या उंचीची असावी, एवढ्यासाठीच मी ती घटना लिहिली होती.

शेवटी दारात उभा राहून तू म्हणालास, "रविवारी तू सारंगच्या विरोधात बोललास, तर माझ्या घराची पायरी चढू नकोस."

चित्रा पुढे झाली, "अहो नरेंद्रभाऊजी, असं बोलू नये," म्हणाली. तू तिच्या पाया पडलास, माझ्या पडला नाहीस, आणि गेलास.

मी बोलणार आहे. तुला आधी कळवतोय, कारण मागून बोलायची मला सवय नाही. वाक्यंही तयार आहेत. सभेत मला फक्त एक अनुमोदक लागेल. मिळाला नाही तर प्रस्ताव तिथेच पडेल, आणि मग तुझी अडचण संपली. प्रार्थना करायची तर तीच कर.

दादा


ब्रेडा,
मंगळवार, १६ मे २००६

चि. नरेंद्र यास,

आशीर्वाद.

सभेचा वृत्तांत कार्यवाह लिहीलच. तो लिहील तसा लिहो. मी माझा लिहितो, आणि तुलाच पाठवतो, कारण बाकी कुणाला त्याची गरज नाही.

मी उभा राहिलो. प्रस्ताव वाचला: पाच नावं एकेक मांडावीत आणि हात वर करून मत घ्यावं. तू विचारलंस, "अनुमोदन?" हॉलमध्ये कुणी हललं नाही. फोनवर शंभर टक्के असणारे सगळे खाली बघत होते. मला वाटलं, संपलं. तुलाही वाटलं असणार, कारण तू पाण्याचा ग्लास उचललास.

मग मागून वासंतीताई उठल्या. म्हणाल्या, "माझं अनुमोदन. पण एक सांगते. मला पद परत नकोय. हा म्हणतो तसं फक्त विचारा." आणि बसल्या. तुझ्या पाचांपैकी एकाने "भावनिक" असा काही शब्द काढला. त्यावर त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "भावनिक असते तर श्रीखंड वाढलं नसतं रे तुला." हॉल हसला. त्या हसण्याने वातावरण मोकळं झालं, हे मी मान्य करतो. माझ्या कलमांनी झालं नसतं.

प्रतीक आणि आणखी तिघं सहज मंजूर झाले. मीसुद्धा दोघांच्या बाजूने हात वर केला. प्रतीक हिशोबाला चोख आहे, चौकशी केली होती.

मग सारंगचं नाव. मी विरोधात बोललो. काय बोललो ते तू ऐकलंस. आठ महिने, एक कार्यक्रम, चुकीची तारीख, दडपलेलं पत्र. सगळं खरं, सगळं सर्वांना माहीत असलेलं. माझ्याजवळ याहून मोठा एक मुद्दा होता. तो मी मांडला असता तर हॉल फिरला असता. जूनची सही. तो मी तोंडातून काढला नाही. उपकार म्हणून हे लिहीत नाही. न मांडलेला मुद्दा वृत्तांतात येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

माझं बोलणं संपता संपता पुढच्या दोन टेबलांवरून टाळ्या सुरू झाल्या. तुमच्या ऑफिसची टेबलं. आधी चार हात, मग दहा. सारंग स्वतः उभा राहून हात जोडून हसत होता. टाळ्या पसरायला लागल्या, कारण आपल्या माणसांना टाळी ऐकली की वाजवायचीच सवय. माझ्या शेजारी श्रीकांत वाजवायला लागला. मी त्याच्याकडे पाहिलं तर थांबला, दुसरीकडे पाहिलं तर पुन्हा सुरू.

तू माइक हातात धरून उभा होतास. तुला फक्त 'मंजूर' म्हणायचं होतं. दोन एप्रिलला झालं तसं. कुणी काही म्हटलं नसतं. मी म्हटलं असतं, पण माझं म्हणणं आता लोकांच्या सवयीचं झालं आहे.

तू म्हणालास, "टाळ्या थांबवा."

थांबल्या नाहीत. पुन्हा म्हणालास, जोरात. आवाज चिरकला तुझा. "थांबवा म्हटलं ना! टाळ्या मोजता येत नाहीत. सारंगच्या बाजूचे हात वर करा."

सारंगचं हसू तसंच राहिलं, पण हात खाली आले. तो तुझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मी पाहिली. त्या नजरेसमोर तू हात मोजलेस. आधी बाजूचे. आणि त्यात तुझा स्वतःचाही होता, सरळ वर, कोपर न वाकवता, माझ्याकडे बघत. मग विरोधातले. माझा, वासंतीताईंचा, चित्राचा (होय, चित्राचा; येताना गाडीत ती माझ्याशी भांडत आली होती), आणि बरेच. मला वाटलं होतं त्याहून बरेच. पण तीन कमी पडले.

सारंग मंजूर झाला. मी हरलो.

काल रात्री शर्मिलाचा फोन आला. रडत होती का हसत होती कळेना. म्हणाली, "दादा, त्यांनी टाळ्या थांबवल्या ते तुमच्यासाठी." मी तिला म्हटलं तेच तुला सांगतो: नाही. माझ्यासाठी थांबवल्या असतील तर ते चूकच. तिथे बसलेल्या, वडा खात सही केलेल्या त्या सगळ्यांसाठी थांबवल्या असतील तरच त्याला अर्थ आहे. आणि हात तू माझ्या विरोधात वर केलास, सगळ्यांदेखत, मोजता येईल असा. पस्तिशीला आलास, याआधी तू माझ्याशी असा कधी भांडला नव्हतास. फोन न उचलणं हे भांडण नव्हे. हे भांडण.

निकाल मला मान्य आहे. निवड मला मान्य नाही. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो मी दर सभेत सांगत राहणार. सभा संपल्यावर सारंग माझ्याकडे आला, म्हणाला, "काका, नो हार्ड फीलिंग्ज." मी म्हटलं, "आहेत. पण नियमाने आहेत." पुढच्या पाडव्याला अध्यक्षपदासाठी मी उभा राहणार आहे, तुझ्या विरोधात. बिनविरोध हा शब्द या मंडळातून मला काढायचा आहे. तुला सूचक दुसरा शोधावा लागेल.

जूनमध्ये त्याने सही केली तर कळव. नाही केली तर आधी कळव. मग न मांडलेला मुद्दा मी त्याच्या त्या काचेच्या इमारतीसमोर मांडतो, पाटीसकट, आणि या वेळी पाटीवरचं डच एखाद्या माणसाकडून तपासून घेतो.

राहिलं एक. तू म्हणाला होतास, सारंगच्या विरोधात बोललास तर माझ्या घराची पायरी चढू नकोस. मी बोललो. म्हणजे अट लागू झाली. मी शब्दाचा माणूस आहे, तू मागे घेईपर्यंत तुझी पायरी चढणार नाही. पण तू काय बोललास ते मी दोनदा आठवून पाहिलं. माझ्या पायरीबद्दल तू काहीच म्हणाला नाहीस.

येत्या रविवारी बाराला जेवायला या, तिघं. जेवताना मंडळाचा विषय निघेल. मीच काढणार आहे.

दादा